वाहक तेल

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि एखाद्याचा बसलाच तर त्यानं घरी जाऊन स्वतःची दृष्ट काढून घ्यावी. पण गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी. शिंपीदादा, बाकड्यावर जरा तिकडे सरका, दातांच्या डॉक्टरांना टेकू द्या. बाई कोपऱ्यात विणत बसल्यात, त्यांना विणू द्या. त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे आणि मधे बोलायचं नाही असं आमचं ठरलंय.

तर एक बस कंडक्टर होता. कागदोपत्री त्याला कंडक्टर म्हणत नसत. पुढे बसतो तो चालक आणि मागे उभा राहतो तो वाहक. छातीवर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर कोरलेलं: वाहक. एकतीस वर्षं त्यानं तो बिल्ला रोज सकाळी शर्टाच्या बाहीनं घासला. इतका घासला की शेवटी शेवटी त्यात बघून प्रवासी भांग पाडायचे. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. हा गडी इतका उतावळा, की चढणाऱ्याचा एक पाय अजून रस्त्यावर असतानाच दोन वाजवून मोकळा. म्हणून सगळे त्याला डबलबेल म्हणत.

"अगदी तुमच्यासारखाच दिसतोय हो!"

कोण, माझ्यासारखा? शिंपीदादा, तो चांगला दोन बोटं उंच होता माझ्यापेक्षा. ऐका.

डबलबेलचा खरा अभिमान बिल्ला नव्हता, नाक होतं. भरल्या गाडीत डोळे मिटून सांगायचा की मागून चौथ्या सीटवरच्या गृहस्थांनी तिकीट काढलेलं नाही. बिनतिकिटाच्या माणसाला म्हणे ओल्या चामड्याचा वास येतो. तपासनीस पुढच्या तिसऱ्या थांब्यावर दबा धरून बसलाय हे तो वाऱ्यावरून ओळखायचा. एकदा तर टायर फुटायच्या आधी दोन थांबे त्याला टायर फुटल्याचा वास आला होता. डॉक्टर, हसू नका. तुम्ही दात बघून माणसाचं वय सांगता, ते आम्ही निमूट मानतोच ना?

असा हा नाकवाला निवृत्त झाला. त्याची बायको शाळेत भाषा शिकवायची. तीही त्याच वर्षी घरी बसली, पण बसली म्हणजे खरोखरच बसली, कारण तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून तिच्या टाचांनी संप पुकारला होता. तक्रार करायचा तिचा स्वभाव नाही. संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवायची आणि मार्क द्यायची. "आज डाव्याला दहापैकी चार. उजव्याला साडेतीन, तेही दयेचे."

डबलबेलला हे बघवायचं नाही. पण बघवत नाही हे बोलायचं कसं तेही त्याला यायचं नाही. एकतीस वर्षं 'पुढे सरका' म्हणण्यात गेलेली. शेवटी परगावच्या लेकीनं फोनवर उपाय सांगितला. "बाबा, हल्ली ती सुगंधी तेलं मिळतात ना, अरोमाथेरपीची? कोमट पाण्यात आईला पाय बुडवून बसायला सांगा. पण दुकानात आधी नीट विचारून घ्या हं. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही."

झालं. बाकीचं सगळं चाललं असतं, पण वासातलं कळत नाही? डबलबेलला? मिरची नाकालाच झोंबली.

दुकान होतं चिंचोळं. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा, आणि मधे हे. आत तपकिरी काचेच्या अंगठ्याएवढ्या बाटल्या, जमिनीपासून छतापर्यंत. काउंटरवर वास घ्यायला कागदाच्या पट्ट्या आणि एका वाडग्यात भाजलेल्या कॉफीच्या बिया. नाक दमलं की त्या हुंगायच्या, म्हणजे नाकाला विसावा मिळतो. काउंटरमागे एक चष्मेवाल्या ताई होत्या, पंचेचाळिशीच्या. पंधरा वर्षं घर सांभाळून महिन्याभरापूर्वीच नोकरीला लागलेल्या. काउंटरखाली त्यांची एक वही होती. बोलता बोलता त्या तिच्यात हळूच डोकावायच्या, परीक्षेत कॉपी करावी तशा.

"काका, पहिल्यांदाच घेताय का?"

"तेल पहिल्यांदा घेतोय. वास एकसष्ट वर्षं घेतोय."

ताई हसल्या. "मग सुरुवातीला दोनच घ्या. हे लव्हेंडर बघा, सौम्य आहे, बहुतेकांना सोसतं. पाय दुखत असतील तर वाटल्यास जोडीला थोडं पेपरमिंट. आणि एका वेळी चार-पाचच्या वर वास घेऊ नका, नाक बधिर होतं."

बधिर! डबलबेलनं लव्हेंडरची पट्टी हुंगून बाजूला टाकली. "ह्याला धुतलेल्या पडद्याचा वास येतोय. पुढचं."

त्यानं बावीस पट्ट्या हुंगल्या. खोटं वाटत असेल तर पट्ट्या मोजा, अजून असतील तिथे. सातव्या पट्टीलाच त्याच्या नाकानं मान टाकली होती. आठवीपासून त्याला कसलाही वास येत नव्हता. गुलाब आणि केरोसीन एकच. पण आता हे सांगणार कोण? मागे चार गिऱ्हाईकं उभी, कौतुकानं बघतायत. म्हणून तो प्रत्येक पट्टीला डोळे मिटून मान डोलवत राहिला. "हं. हे डोंगराकडचं." "हं. ह्यात जरा मंगळवार जास्त झालाय." ताईंनी कॉफीच्या बियांचा वाडगा दोनदा पुढे सरकवला, त्यानं दोनदा मागे सरकवला. आणि बाविसावी पट्टी नाकाशी धरताच मेलेलं नाक खाडकन जागं झालं. हे! हेच ते!

ती दालचिनी होती. मुडद्यालाही शिंक आणील अशी उग्र. निवड वगैरे काही नव्हती, मंडळी. बहिऱ्याला फक्त फटाकाच ऐकू यावा, त्यातला प्रकार.

"काका, हे नका घेऊ," ताई म्हणाल्या. "हे कातडी जाळतं. नवख्यानं तर हात लावू नये."

"उग्र आहे म्हणजे अस्सल आहे. बांधा."

ताईंनी वहीत डोकावून पाहिलं. मग एकेक शब्द सावकाश सांगितला. "बरं, मग एवढं लक्षात ठेवा. वाहक असल्याशिवाय ह्यातला एक थेंबही वापरायचा नाही. घरी वाहक आहे ना?"

डबलबेलची छाती दोन इंच फुगली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या हुद्द्याची कदर केली होती. "आहे की! चांगला एकतीस वर्षांचा."

"एकतीस?" ताईंचा चष्मा घसरला. "अहो, वर्षभराच्या पुढे नको हो. खवट होतं."

"खवट आहेच थोडा. बायकोपण हेच म्हणते."

मागची गिऱ्हाईकं हसली. ताईही हसल्या, काका गमतीचे आहेत म्हणून. 'खवट होतं' की 'होतो', एवढ्या एका अक्षरात सगळं उलगडलं असतं, पण त्या घरात व्याकरण बघायचं काम दुसऱ्या माणसाकडे होतं. ताईंनी तरीही आपल्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली. डबलबेलनं ती वाचली नाही. प्रवाशानं दिलेला कागद वाहक वाचत नसतो. त्यानं सवयीनं चिठ्ठीचा कोपरा फाडला आणि ती शर्टाच्या खिशात टाकली.

घरी आला. टबात कोमट पाणी काढलं, बायकोला खुर्चीत बसवलं, तिचे पाय पाण्यात सोडले. मग आत जाऊन बिल्ला लावून आला. हो, बिल्ला! वाहक हवा असं दुकानात बजावून सांगितलं होतं ना? तो टबाशेजारी ताठ उभा राहिला. थेंब-थेंब घालणं त्याला शोभेना. बत्तीस सीटच्या गाडीत एकच प्रवासी घेऊन निघाल्यासारखं वाटलं. त्यानं बाटलीचं टोपण काढून टोपणभर ओतलं आणि टबाच्या काठावर चमच्यानं वाजवलं. टिंग टिंग!

"वास छान आहे हो," बायको म्हणाली. तिला वासापेक्षा नवऱ्याचा अवतार बघून मजा वाटत होती. पुष्कळ दिवसांनी ती मोठ्यानं हसली. ते हसणं त्या दुपारचं शेवटचं.

तेल पाण्यात मिसळत नसतं. ते वर तरंगत राहिलं आणि तिच्या घोट्यांभोवती चिकटून बसलं. तीन मिनिटांत तिनं पाय वर ओढले. घोट्यापर्यंत लाल. लाल मोजे घातल्यासारखे. नाक्यावर आडवी झोपवली असती तर दोन्ही बाजूंची वाहनं थांबली असती असे लाल. ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटले आणि एवढंच विचारलं, "अहो, पाण्यात काय घातलंत?"

त्यानं ते पाय पाहिले. दयेचे साडेतीन मार्क मिळणारे ते पाय. त्या क्षणी त्याला जी लाज वाटली ती अजून कोवळी होती. तेव्हाच तोंडावाटे निघाली असती तर घरातल्या घरात संपली असती. पण लाज बाहेर पडायला वेळ लागतो आणि राग दारातच उभा असतो. त्यानं ओला टॉवेल तिच्या पायांवर टाकला, बाटली उचलली आणि तरातरा दुकानात गेला. बिल्ला छातीवर तसाच.

दुकानात नऊ माणसं होती. त्यानं बाटली काउंटरवर आपटली. "भेसळ! म्हाताऱ्या बाईचे पाय भाजून काढलेत तुम्ही!"

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अगंबाई! काकूंना फार लागलंय का? काका, वाहकात मिसळलं होतंत ना तुम्ही?"

"मिसळायचं काय त्यात? मी स्वतः शेजारी उभा होतो!" आणि त्यानं छातीवरच्या बिल्ल्यावर फाडकन हात मारला.

ताईंनी बिल्ला पाहिला. त्यावरची तीन अक्षरं वाचली. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच हात वर केला आणि मागची फळी दाखवली. फळीवर मोठ्या बाटल्यांची रांग होती. वाहक तेल, बदाम. वाहक तेल, तीळ. वाहक तेल, जवस. उग्र तेलाला अंगावर अलगद वाहून नेतं ते साधं तेल, म्हणून वाहक. तीच तीन अक्षरं. बिल्ल्यावरची.

डबलबेलला सगळं समजलं. समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. त्याच्या कानांत दोन्ही घंट्या एकदम वाजल्या.

तेवढ्यात आतून मालक आले. "ताई, ह्यांना वाहक तेलाचं सांगितलं नव्हतंत?"

ताईंनी मालकांकडे पाहिलंच नाही. त्या डबलबेलकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. उत्तर त्याच्याकडे आहे आणि तो ते देईलच, अशा भरवशानं. नऊ माणसंही बघत होती. एकतीस वर्षं ज्यानं भरल्या गाडीत दुसऱ्यांची चोरी मोठ्यानं सांगितली, त्याला आपली एक सांगायची होती. 'सांगितलं होतं, मीच गाढव.' पाच शब्दही नाहीत.

"नाही," तो म्हणाला. "एका अक्षरानं सांगितलं नाही."

डॉक्टर, तुम्ही पुष्कळांचे दात उपटले असतील. पण आपल्याच तोंडून असं काही पडताना कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक नसेल. नसू दे.

मालक हळू आवाजाचे. हळूच म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्ही मागच्या खोलीत बसा. लेबलं लावायची आहेत." ताईंनी वही उचलली. कॉफीच्या बियांचा वाडगा तिरका झाला होता तो सरळ केला आणि पडदा सारून आत गेल्या. मालकांनी हात जोडून डबलबेलची माफी मागितली, तिळाच्या तेलाची मोठी बाटली भेट दिली. वर सांगितलं, नुसतं पाणी ओतू नका, आधी हे साधं तेल लावून पुसून घ्या, आणि उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. म्हणजे खोटं बोलून वर बक्षीस! ती बाटली घरी नेताना तिचं वजन एका माणसाएवढं झालं होतं.

बायकोच्या पायांना त्या तेलानं आराम पडला. तिनं एकदाच विचारलं, "दुकानातल्या बाईंनी काही सांगितलं नव्हतं का हो?"

"नाही म्हटलं ना!" तो खेकसला. खरं म्हणजे तो तिच्यावर खेकसला नव्हता, पण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

आठ दिवसांत पाय बरे झाले. डबलबेलचं मात्र बिघडत गेलं. त्याला सगळ्याला दालचिनीचा वास येऊ लागला. वर्तमानपत्राला, साबणाला, नळाच्या पाण्याला. फोनवर लेक बोलली तर तिच्या आवाजाला. त्यानं बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला, तर ड्रॉवर दरवळू लागला. जिन्यात कुणी 'काय डबलबेल!' म्हणून हाक मारली की तो मान खाली घालून पायऱ्या मोजायचा. ज्या नाकावर मिरवला, ते आता मुठीत धरून फिरायची पाळी.

मग तो दुकानाकडे गेला. पहिल्यांदा गेला तो समोरच्या फुटपाथपर्यंत. छत्रीवाल्याशी अर्धा तास छत्रीच्या काड्यांवर बोलला आणि चांगली छत्री मोडून दुरुस्तीला टाकून आला. दुसऱ्यांदा आत शिरला. काउंटरवर मालक स्वतः होते. "या, काकूंचे पाय कसे आहेत?" म्हणाले. 'मालक, त्या ताईंनी' एवढं तोंडापर्यंत आलं आणि बाहेर आलं ते, "एक साबण द्या." असा माणूस मी पाहिला नाही.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा मागचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत बल्बखाली ताई बसल्या होत्या. समोर बाटल्यांचा ढीग. बोटांना डिंक लागलेला. एकेक लेबल चिकटवून अंगठ्यानं दाबत होत्या. वही शेजारी मिटलेली. आता तिचा उपयोग काय? लेबलांना सल्ला लागत नाही. त्यांनी मान वर केली. डबलबेल दाराआड व्हायच्या आत त्यांनी त्याला पाहिलं. त्याला वाटलं, आता बोलेल, आता सगळं काढेल. काढलं असतं तर तो तिथेच मोकळा झाला असता.

"काका," त्या म्हणाल्या, "काकूंचे पाय कसे आहेत आता?"

मालकांनी विचारलं तेच. पण मालकांना त्याच्या खोटेपणाची कल्पना नव्हती, आणि हिला होती. तरी विचारलं.

"बरे आहेत," डबलबेल म्हणाला आणि बाहेर पडला. घरापर्यंत त्याला रस्ता दिसला नाही.

"मग? पुढे?"

पुढे काय शिंपीदादा, पुढे कमालच झाली! चौथ्यांदा गेला तो बिल्ला लावूनच. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, चाळीस तरी माणसं असतील, रांग किल्लीवाल्याच्या पलीकडे गेलेली. हा गडी सरळ स्टुलावर चढला. बिल्ला काढून काउंटरवर दोनदा वाजवला आणि बसमधल्या आवाजात गरजला, "मंडळी! चूक माझी! ताईंनी तोंडानं सांगितलं होतं, वर लिहूनही दिलं होतं. वाहक मी, आणि खवटही मीच!" मालक ढसाढसा रडले. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, कॉफीच्या बिया उधळल्या. छत्रीवाल्यानं आनंदानं चौदा छत्र्या एकदम उघडल्या. ताईंना तिथल्या तिथे काउंटरवर आणून बसवलं, पगार वाढवला. डबलबेलनं आपला बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला, आणि ताई डोळे पुसत मला म्हणाल्या, म्हणजे त्याला, त्याला म्हणाल्या...

"खोटं."

बाई, आपलं काय ठरलं होतं?

"ठरलं होतं ते गोष्ट खरी असेपर्यंत. 'पाय कसे आहेत आता' इथपर्यंत अक्षरन् अक्षर खरं होतं, म्हणून गप्प बसले. त्यापुढचं सगळं खोटं. डॉक्टर, हे चौथ्यांदा गेलेच नाहीत. बिल्ला अजून ड्रॉवरमध्ये आहे."

अगं, पण...

"आणि ही चिठ्ठी माझ्या लोकरीच्या पिशवीत आहे. शर्ट धुताना खिशात सापडली. कोपरा फाडलेली. बघा शिंपीदादा, अक्षर किती सुवाच्य आहे: 'आधी मोठा चमचाभर वाहक तेल घेणे. त्यात एकच थेंब. कोपराच्या आत लावून एक दिवस वाट बघणे.' तेव्हापासून मी वाट बघतेय. आज दुपारी शेवटी मीच गेले दुकानात. त्या ताई अजून मागेच बसतात. मी चिठ्ठी घेऊन मालकांकडे निघाले, तर ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'काकू, नको. काका तीनदा दारापर्यंत आलेत. त्यांचं त्यांना सांगू दे.'"

...

"आता असे खाली काय बघताय? दुकान आठला बंद होतं, आत्ता सव्वासहा झालेत. ही घ्या चिठ्ठी. उठा."

आणि विणायची सुई बाकड्याच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजली.